गिटार-विवर्धक आणि वादकाचा स्पर्श

गिटार-विवर्धक : विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संदेश अनेक पटींनी वाढवून तो ध्वनिक्षेपकाद्वारे ऐकविणारे साधन. सभागृहातील वा घरगुती ध्वनियंत्रणेत मूळ आवाजात फरक न करता तो मोठा करणे, एवढेच विवर्धकाकडून अपेक्षित असते. गिटारच्या बाबतीत मात्र हे ध्येय हळूहळू मागे पडले आणि नखीच्या आघाताला विवर्धक कसा प्रतिसाद देतो, ही वादकांची मुख्य कसोटी ठरली. तंबोऱ्याची जवारी खुली असावी की बंद, हे जसे गायकाच्या गळ्यावर व रुचीवर अवलंबून असते, तसेच विवर्धक ‘मऊ’ असावा की ‘ताठ’, हे वादकाच्या हातावर ठरते. अभियंत्यांनी दोष मानलेल्या काही गुणधर्मांना वादकांनी गुण मानले. या साधनाचा इतिहास बव्हंशी याच मतभेदाचा इतिहास आहे.

प्रारंभ : १९३० च्या सुमारास अमेरिकेतील नृत्यवृंदांत पितळी वाद्यांच्या गजरापुढे गिटारचा आवाज लोपत असे. यावर उपाय म्हणून जॉर्ज बीचम व अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये चुंबकीय संवेदक बसविलेली गिटार प्रचारात आणली. या संवेदकाला ‘पिकअप’ म्हणतात. गिब्सन कंपनीची ‘ईएस-१५०’ ही गिटार १९३६ मध्ये आली. चार्ली ख्रिश्चन (१९१६–४२) हा वादक १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वृंदात दाखल झाला आणि सॅक्सोफोनप्रमाणे गिटारवरही एकेका स्वराची सलग रचना वाजविता येते, हे त्याने दाखवून दिले. त्या काळचे विवर्धक रेडिओच्या तंत्रावर आधारलेले, अल्प शक्तीचे होते. त्यांची क्षमता ओलांडली की आवाज खरखरीत होई.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर (१९०९–९१) यांनी १९४० नंतरच्या दशकात गिटार-विवर्धकांच्या निर्मितीस प्रारंभ केला. फेंडर स्वतः गिटार वाजवीत नसत. नवा नमुना तयार झाला की तो स्थानिक वादकांना वापरावयास देऊन त्यांच्या अभिप्रायानुसार ते त्यात फेरफार करीत. मोठा पण स्वच्छ आवाज हे त्यांचे उद्दिष्ट होते. तथापि ब्लूज व रॉक अँड रोल वाजविणारे अनेक वादक हेच विवर्धक त्यांच्या क्षमतेच्या टोकापर्यंत चढवून वाजवू लागले. १९५२ मध्ये बेस गिटारसाठी निघालेला ‘बेसमन’ हा विवर्धक त्याच दशकाच्या मध्यास चार ध्वनिक्षेपकांसह मिळू लागला. बेसवादकांपेक्षा गिटारवादकांनीच तो अधिक आपलासा केला. काही वादक याही पुढे गेले. लिंक रे याने १९५८ च्या ‘रंबल’ या ध्वनिमुद्रणासाठी ध्वनिक्षेपकाच्या कागदी शंकूला भोके पाडली, तर ब्रिटनमधील ‘द किंक्स’ या वृंदाचा डेव्ह डेव्हिस याने १९६४ मध्ये आपल्या लहान विवर्धकाचा शंकू पात्याने चिरला.

प्रतिसादाची कारणे : वादक ज्याला ‘स्पर्श’ म्हणतात, त्यामागे निश्चित भौतिक कारणे आहेत. पहिले कारण इलेक्ट्रॉन नलिकेच्या वर्तनात आहे. संदेश नलिकेच्या मर्यादेजवळ जातो, तसतसे त्याच्या तरंगाचे माथे क्रमाक्रमाने दबू लागतात. हलक्या आघाताचा स्वर स्वच्छ राहतो, जोरकस आघाताच्या स्वरात मूळ कंप्रतेच्या पटीतील उपस्वर मिसळतात. त्यामुळे केवळ हाताच्या जोरावर वा गिटारवरील खुंटी किंचित फिरवून वादक एकाच विवर्धकातून मृदू व कर्कश असे दोन्ही आवाज काढू शकतो.

दुसरे कारण विद्युत् पुरवठ्यात आढळते. जुन्या विवर्धकांत प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करण्यासाठी नलिकाच वापरीत. तिला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. तार जोराने छेडली की प्रवाहाची मागणी एकदम वाढते, पुरवठ्याचा दाब क्षणभर खाली येतो आणि स्वराचा आरंभ किंचित दबतो. दाब पूर्ववत होत असता मावळणारा स्वर सावरला जातो व तो उमलत असल्यासारखा भासतो. वादक याला ‘सॅग’ म्हणतात. नलिकेच्या जागी सिलिकॉनचे एकदिशकारक बसविल्यास हा परिणाम बराच कमी होऊन आघात ताठ व तत्काळ उमटतो.

तिसरे कारण ध्वनिक्षेपकाशी असलेले नाते होय. प्रदान संदेशाचा काही अंश उलट करून मागे देण्याच्या योजनेस ऋण पुनर्भरण म्हणतात. या योजनेमुळे विवर्धकाची ध्वनिक्षेपकावरील पकड घट्ट होते. ती नसल्यास किंवा अल्प असल्यास ध्वनिक्षेपकाचे स्वतःचे अनुस्पंदन अधिक प्रकट होते व आवाज मोकळा वाटतो. शिवाय मोठ्या आवाजात ध्वनिक्षेपकातून निघालेल्या लहरी गिटारच्या तारांनाच पुन्हा कंपित करतात. त्यामुळे स्वर लांबतो आणि वाद्य जणू हातात जिवंत झाल्याचा अनुभव वादकास येतो.

ब्रिटनमधील विकास : लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल (१९२३–२०१२) यांनी केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने १९६२ मध्ये ‘बेसमन’च्या मंडलावर आधारलेला ‘जेटीएम-४५’ हा विवर्धक तयार केला. अमेरिकेतून येणारे विवर्धक महाग पडत, हे त्यामागील एक कारण होते. मंडल जवळजवळ तेच असले, तरी नलिका, रोहित्र व मागून बंद असलेल्या पेटीतील चार ध्वनिक्षेपक यांच्या भेदामुळे त्याचा आवाज व प्रतिसाद पुष्कळ बदलला. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या वृंदाच्या ध्वनिमुद्रणात एरिक क्लॅप्टन याने आपला मार्शल विवर्धक रंगमंचावर वाजवावा तितक्याच मोठ्या आवाजात वाजविण्याचा आग्रह धरला. तंत्रज्ञांच्या प्रचलित रीतीला हे सोडून होते. परंतु त्यातून मिळालेला दीर्घ, दाट स्वर पुढील पिढीसाठी आदर्श ठरला. याच काळात डिक डेनी यांनी आराखडा केलेला ‘व्हॉक्स एसी-३०’ हाही लोकप्रिय झाला. त्यात ऋण पुनर्भरण नव्हते. हँक मार्व्हिन, ‘बीटल्स’मधील वादक व पुढे ब्रायन मे यांनी तो वापरला.

ट्रँझिस्टरचे आव्हान : १९६० नंतरच्या दशकात हलके, स्वस्त व टिकाऊ ट्रँझिस्टर विवर्धक बाजारात आले. मोजमापांत त्यांतील विरूपण कमी होते आणि नलिकांचे युग संपले असा कारखानदारांचा होरा होता. गिटारवादकांनी तो खोटा ठरविला. फेंडर कंपनीने १९६६ मध्ये आणलेली ट्रँझिस्टर मालिका काही वर्षांतच मागे घ्यावी लागली. मर्यादा ओलांडताच त्या विवर्धकांत तरंगाचे माथे एकदम कापले जात आणि हाताखाली मिळणारी लवचिकता नाहीशी होई. रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ध्वनिमुद्रणातील सूक्ष्मध्वनिग्राहकांच्या पूर्वविवर्धकांचा अभ्यास मांडला. क्षमतेपेक्षा अधिक संदेश दिल्यावर नलिका व ट्रँझिस्टर यांतून निघणाऱ्या उपस्वरांचे प्रमाण वेगळे असते, असे त्यांनी दाखविले. साधारण पातळीवरील मोजमाप वादकाच्या अनुभवाचे वर्णन करण्यास अपुरे का पडते, याचा काहीसा उलगडा त्यातून झाला.

तथापि सर्व वादकांची पसंती एकच होती असे नाही. १९७५ मध्ये निघालेला रोलंड कंपनीचा ‘जॅझ कोरस’ हा ट्रँझिस्टर विवर्धक स्वच्छ व ताठ आवाजासाठीच नावाजला गेला. ब्लूजचे श्रेष्ठ वादक बी. बी. किंग यांनी ‘लॅब सिरीज’चा ट्रँझिस्टर विवर्धक दीर्घकाळ वापरला, तर हेवी मेटल संगीतातील डाइमबॅग डॅरेल याने द्रुत, तुटक आघातांसाठी असाच विवर्धक निवडला. ब्लूजमधील लांबविलेल्या स्वराला जो मऊपणा पोषक ठरतो, तोच द्रुत आघातांची धार बोथट करतो. म्हणून श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्यापेक्षा कोणते संगीत व कोणता हात, हे पाहणे सयुक्तिक ठरते.

वादकानुरूप रचना : कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ यांनी १९७० च्या सुमारास फेंडरच्या लहान विवर्धकात अधिक शक्ती व विवर्धनाचे जादा टप्पे घालून ‘मेसा बूगी’ विवर्धकांचा पाया घातला. कार्लोस सांताना हे त्यांच्या आरंभीच्या चाहत्यांपैकी होत. हॉवर्ड अलेक्झांडर डंबल (मृत्यू २०२२) हे वादकाचे वादन प्रत्यक्ष ऐकून त्याच्या हाताला जुळेल असे मंडल बसवीत. त्यांचे विवर्धक मोजकेच असून त्यांना फार मोठी किंमत येते. एडी व्हॅन हेलन (१९५५–२०२०) याने बदलत्या दाबाच्या रोहित्राने आपल्या मार्शल विवर्धकाचा पुरवठा दाब कमी करून हवा तो प्रतिसाद मिळविला. त्याच्या वृंदाची १९७८ ची पहिली ध्वनिमुद्रिका या स्वरासाठी प्रसिद्ध आहे.

अंकीय अनुकरण : १९९० नंतरच्या दशकात संगणकीय गणनेने विवर्धकाचे वर्तन हुबेहूब घडविण्याचे प्रयत्न सुरू झाले. ‘लाइन ६’ कंपनीचे ‘पॉड’ हे उपकरण १९९८ मध्ये आले. २०११ मध्ये आलेल्या जर्मन ‘केम्पर’ उपकरणाने प्रत्यक्ष विवर्धकात चाचणी-संदेश सोडून त्याची प्रतिकृती घेण्याची सोय केली. या उपकरणांत संदेशप्रक्रियेस काही सहस्रांश सेकंदांचा विलंब लागतो. ध्वनिक्षेपकापासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला आवाज पोहोचण्यास सुमारे नऊ सहस्रांश सेकंद लागतातच. त्यामुळे एवढा विलंब एरवी क्षुल्लक वाटतो. तरीही विलंबांची बेरीज वाढली की हात आणि स्वर यांची सांगड ढिली पडल्याची तक्रार वादक करतात. ध्वनिमुद्रणात अस्सल व अनुकृत यांतील भेद ओळखणे कठीण होत गेले, तसा वादाचा विषय श्रोत्याच्या कानाकडून वादकाच्या बोटांकडे सरकला.

नलिकांचा पुरवठा हा या पसंतीचा दुबळा दुवा आहे. अमेरिका व ब्रिटन येथील बहुतेक मोठे नलिका-कारखाने बंद पडल्यावर उत्पादन मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत उरले. २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा नलिकांच्या टंचाईची भीती निर्माण होऊन किमती वाढल्या. रेडिओ, दूरचित्रवाणी व संगणक यांनी फार पूर्वी टाकून दिलेला हा घटक आज टिकून आहे, तो बऱ्याच अंशी गिटारवादकांच्या मागणीमुळे. त्यांच्या लेखी विवर्धक हा वाद्याला जोडलेला केवळ यांत्रिक उपांग नसून वाद्याचाच अर्धा भाग आहे, आणि वाद्याची पारख शेवटी वाजविणाऱ्याच्या हाताने होते.