पेटीतला हेन्री आणि केकवाला हर्क्युलिस

पेटी सुमारे तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल. आत एक धट्टाकट्टा माणूस, थोडी बिस्किटं, प्यायचं पाणी आणि हवेसाठी भोकं पाडायला एक गिरमिट. २३ मार्च १८४९ ला ही पेटी व्हर्जिनियातल्या रिचमंडहून पार्सल म्हणून निघाली आणि साधारण २७ तासांनी फिलाडेल्फियात पोचली. कुठली बाजू वर ठेवायची ते पेटीवर लिहिलेलं होतं, तरी वाटेत ती उलटी ठेवली गेली आणि हेन्री ब्राऊन बराच वेळ आत डोक्यावर होता. पार्सल हाताळणारे तेव्हाही तसेच!

एलेन लेव्हिन आणि चित्रकार केदिर नेल्सन यांचं 'हेन्रीज फ्रीडम बॉक्स' (२००७) हे याच हेन्रीवरचं चित्रपुस्तक. २००८ साली त्याला कॅल्डेकॉट ऑनर मिळाला. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी म्हणून हातात घेतलं, तर वाटतं पेटीची गंमत असेल. पण पेटी येते बऱ्याच उशिरा. आधी हेन्रीची बायको नॅन्सी आणि तीन मुलं विकली जातात, हेन्री तंबाखूच्या कारखान्यात कामावर असताना. मग कामावरून सुट्टी मिळावी म्हणून तो स्वतःच्या हातावर ॲसिड ओततो. ही दोन्ही पानं लेखिकेने गाळली नाहीत. ती गाळली असती तर माणूस पेटीत का शिरला हेच कळलं नसतं.

पुस्तक मात्र फिलाडेल्फियात संपतं, खरी गोष्ट तिथे संपत नाही. पेटी रवाना करणाऱ्या सॅम्युएल स्मिथने पुढे आणखी दोघांना तसंच पाठवायचा प्रयत्न केला, पकडला गेला आणि तुरुंगात गेला. पळालेल्यांना पकडून परत पाठवणारा कडक कायदा १८५० मध्ये आला, तेव्हा हेन्री इंग्लंडला निघून गेला. तिथे त्याने दुसरं लग्न केलं, पुढे जादूचे प्रयोगही केले. नॅन्सी आणि मुलं त्याला परत मिळाली नाहीत.

३०-४० पानांत कुठेतरी थांबावंच लागतं, हे मान्य. पण कुठे थांबायचं आणि काय मागच्या टिपेत ढकलायचं यातच सगळी मेख आहे.

दुसरं उदाहरण बघा. त्याच स्कॉलस्टिक प्रकाशनाने जानेवारी २०१६ मध्ये 'अ बर्थडे केक फॉर जॉर्ज वॉशिंग्टन' काढलं. वॉशिंग्टनचा गुलाम स्वयंपाकी हर्क्युलिस साहेबांच्या वाढदिवसाचा केक करतोय, घरात साखर नाही, आता काय करायचं, अशी गोष्ट. सांगणारी त्याची मुलगी. चित्रांत सगळे हसतायत! हर्क्युलिस पुढे पळाला ही माहिती होती, पण शेवटच्या टिपेत. आणि पळाला कधी? २२ फेब्रुवारी १७९७ ला, म्हणजे वॉशिंग्टनच्या पासष्टाव्या वाढदिवसालाच! प्रचंड टीका झाली आणि प्रकाशकाने काही दिवसांत पुस्तक मागे घेतलं.

मला वाटतं, चूक केक दाखवण्यात नव्हती. आपल्या कामाचा अभिमान गुलामालाही असू शकतो. पण पळून जाणं टिपेत टाकलं की मूल एवढंच शिकतं की तसं सगळं ठीकच चाललं होतं.

"एवढ्या लहान वयात हे कशाला सांगायचं?" असं पालक विचारतात. त्याचं उत्तर हर्क्युलिसच्या घरातच आहे. तो पळाल्यानंतर दोनेक महिन्यांनी फ्रान्सचा भावी राजा लुई फिलिप माउंट व्हर्ननला आला होता. त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारलं, आता बाबा कधीच दिसणार नाहीत, वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, मला खूप आनंद झालाय, कारण ते आता स्वतंत्र आहेत. लुई फिलिपने हे आपल्या डायरीत लिहून ठेवलंय.

ती स्वतः मात्र गुलामच होती. सहा वर्षांच्या मुलीला जे जगता आलं, ते सहा वर्षांच्या मुलाला वाचता येईल. टिपेत नाही, गोष्टीत.