ठासणीच्या बंदुकीचा घोडा व चाप : मराठाकालीन शस्त्रदुरुस्तीचा एक अभ्यास

प्रस्तावना :

मराठ्यांच्या युद्धेतिहासाची चर्चा बहुतांशी गड, घोडदळ व तोफखाना यांच्याभोवती फिरते. बंदुकीचा उल्लेख येतो तो संख्येपुरता. ती बंदूक ऐन वेळी चालली की नाही, न चालल्यास दोष कोठे होता व तो कोण दूर करीत असे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चकमकीच्या बंदुका उपलब्ध असतानाही मराठी फौजांत तोड्याच्या बंदुका टिकून राहिल्या. त्यावरून मराठे शस्त्रविद्येत मागासलेले होते, असा निष्कर्ष सरधोपटपणे काढला जातो. प्रस्तुत निबंधात या निष्कर्षाची तपासणी बंदुकीची यंत्रणा व तिची दुरुस्ती या अंगाने करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकीतील यंत्रणेच्या दोषांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) दुरुस्तीची सोय व शस्त्राची निवड यांतील संबंध तपासणे.

तोड्याची बंदूक :

तोंडाकडून दारू व गोळी घालून गजाने ठासावयाची म्हणून ही ‘ठासणीची बंदूक’. भारतीय तोड्याच्या बंदुकीत यंत्रणा लाकडी दस्त्याच्या पोटात बसविलेली असे. चाप ओढला की त्याला जोडलेला लोखंडी दांडा पुढे झुके व त्याच्या टोकाची पेटती जामगी रंजकाच्या वाटीत टेके. रंजक पेटून ज्वाला नळीच्या कानातून आतील दारूपर्यंत पोहोचे. या रचनेत फिरते भाग अगदी थोडे होते. तिचे नेहमीचे दोषही उघड दिसणारे होते : दांडा वाटीच्या बाजूला पडणे, खिळा झिजून चाप ढिला होणे, कान काजळीने बुजणे, जामगी विझणे अथवा रंजक ओली होणे. दांडा वाकवून नीट करणे, नवा खिळा ठोकणे, सळईने कान मोकळा करणे ही कामे साध्या हत्यारांनी होण्याजोगी होती. गावचा लोहार ती करू शके.

ओलाव्याचा दोष मात्र यंत्रणेच्या बाहेरचा होता व त्याची जाणीव राज्यकर्त्यांना होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, तसेच पावसाळ्यापूर्वी तोफांना तेल-मेण देऊन त्यांचे कान मेणाने बुजवावेत, अशा सूचना आहेत. त्या गडावरील दारूखाना व तोफा यांविषयी असल्या, तरी शस्त्राची निगा हा राज्यकारभाराचा भाग मानला जात होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

चकमकीची बंदूक :

चकमकीच्या बंदुकीत पेटती जामगी बाळगावी लागत नाही, हा मोठाच लाभ होता. घोड्याच्या जबड्यात धरलेली गार पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडे. परंतु त्यासाठी मुख्य कमान, आतील खाचांचे चाक, खटका व खटक्याची कमान इतक्या भागांचा मेळ बसावा लागे. पट्टीचे पोलाद मऊ असल्यास ठिणगी पडत नसे; गार बोथट झाली तरी तोच परिणाम होई. खाच झिजली की अर्धवट चढविलेला घोडा आपोआप सुटे. हा दोष बंदूकधाऱ्याच्याच जिवावर बेतणारा होता. कमानीला दिलेले पाणी कडक झाले तर ती मोडे, मऊ राहिले तर ती ढिली पडे. हे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. कारागिराला ते अनुभवानेच ओळखावे लागतात. शिवाय त्या काळी एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत जसाच्या तसा बसत नसे. प्रत्येक भाग कानशीने घासून जुळवावा लागे.

दुरुस्ती व पुरवठा :

याचा अर्थ मराठ्यांना हे तंत्र असाध्य होते असा नाही. पानिपतच्या संग्रामात (१७६१) इब्राहिमखान गारदी याचे पायदळ युरोपीय पद्धतीने शिकविलेले होते. महादजी शिंदे यांच्या सेवेत १७८४ मध्ये आलेल्या द बॉयनच्या कवायती फौजेसाठी आग्रा येथे सँगस्टर याच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत. मात्र याच फौजेत तेलंगी पलटणींच्या बरोबरीने नजीब पलटणी तोड्याच्या बंदुका वापरीत व द बॉयनने त्या बंदुकांना संगिनी जोडल्या होत्या. सर्वांत सुसज्ज फौजेतही दोन्ही शस्त्रे एकत्र नांदत होती, ही बाब महत्त्वाची आहे. जेथे कारखाना होता तेथे चकमक टिकली. जेथे केवळ लोहाराचा भाता होता तेथे तोडा अधिक भरवशाचा ठरला, असे अनुमान यावरून काढता येते.

ईस्ट इंडिया कंपनीची स्थिती वेगळी होती. तिच्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीचा नमुना इतका रुळला की १७९० च्या दशकात ब्रिटिश सैन्यानेही तो स्वीकारला. एकच नमुना, साठवलेले सुटे भाग व पलटणीतील शस्त्र-कारागीर यांमुळे घोड्याचा दोष ही कंपनीच्या दृष्टीने नित्याची बाब होती. खडकी (५ नोव्हेंबर १८१७), येरवडा (त्याच महिन्यात) व कोरेगाव (१ जानेवारी १८१८) या लढायांची ठिकाणे आजच्या खराडीपासून २५ किलोमीटरांच्या आत आहेत. कोरेगाव येथे पेशव्यांच्या पायदळात अरबांचा भरणा मोठा होता. या लढायांचे निकाल केवळ बंदुकीने ठरले असे म्हणता येत नाही. परंतु त्यांत दोन फौजांबरोबर शस्त्रपुरवठ्याच्या दोन व्यवस्थाही समोरासमोर आल्या होत्या.

पुढे १८६९ मध्ये खडकी येथे दारूगोळा कारखाना सुरू झाला, तर १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रे बाळगणे, बनविणे व विकणे यांवर परवान्याचे बंधन आले. गावोगावच्या शस्त्र-कारागिरीचा आधार त्यामुळे आणखी खचला. कोकणात मात्र ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द आजही बोलण्यात आहे.

निष्कर्ष :

तोड्याच्या बंदुकीचे टिकणे हे केवळ अज्ञानाचे लक्षण नसून दुरुस्तीच्या उपलब्ध साधनांशी सुसंगत अशी ती निवड होती. मराठ्यांची उणीव बंदूक स्वीकारण्यात नव्हती. एक नमुना, सुटे भाग व प्रशिक्षित कारागीर यांची अखंड साखळी उभारण्यात होती. या विधानाची पुढील पडताळणी संग्रहालयांतील बंदुकांवरच होऊ शकते. म्हणून बंदुकांची नोंद करताना नळीची लांबी व नक्षीकाम यांबरोबरच बदललेला खिळा, डागलेली कमान, कानशीच्या खुणा यांचीही नोंद व्हावी आणि चकाकी आणण्याच्या भरात त्या पुसल्या जाऊ नयेत. अनाम कारागिरांच्या कामाचा पुरावा त्या खुणांमध्येच उरलेला आहे.