एककला नियंत्रित एकदिशकारक

एककला नियंत्रित एकदिशकारक हा एककला म्हणजेच सिंगल फेज प्रत्यावर्ती विद्युत् पुरवठ्याचे एकदिश पुरवठ्यात रूपांतर करणारा आणि प्रदान दाब कमी-अधिक करण्याची सोय असणारा थायरिस्टरयुक्त परिपथ होय. डायोडच्या एकदिशकारकात पुरवठ्याचा दाब ठरला की प्रदान दाबही ठरतो. येथे तो थायरिस्टर कोणत्या क्षणी सुरू केला जातो यावर अवलंबून असतो.

कार्यतत्त्व

गेटला स्पंद मिळेपर्यंत थायरिस्टर प्रवाह अडवून धरतो. एकदा सुरू झाल्यावर मात्र गेटचा ताबा सुटतो आणि प्रवाह जवळजवळ शून्य झाल्यावरच तो बंद होतो. अर्धचक्राच्या आरंभापासून स्पंद देईपर्यंतच्या विलंबाला फायरिंग कोन म्हणतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात अर्धचक्र १० मिलिसेकंदांचे असल्याने ९०° म्हणजे ५ मिलिसेकंदांचा विलंब होय. विलंब वाढवला की सरासरी दाब घटतो.

प्रकार

२३० व्होल्ट पुरवठ्याचा शिखर दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो. त्यावरील आदर्श सरासरी प्रदान दाब असे:

अर्धतरंग, रोधी भार: ०° ला १०३.५ व्होल्ट, ९०° ला सुमारे ५२ व्होल्ट.
अर्धनियंत्रित सेतू (दोन थायरिस्टर, दोन डायोड): ०° ला २०७, ९०° ला १०३.५, १८०° ला शून्य.
पूर्णनियंत्रित सेतू (चार थायरिस्टर), अखंड प्रवाह: २०७ गुणिले फायरिंग कोनाचा कोसाइन, म्हणजे ६०° ला १०३.५ व ९०° ला शून्य.

पूर्णनियंत्रित सेतूत प्रवर्तक भारामुळे दाब ऋण झाल्यावरही प्रवाह चालू राहतो; म्हणून सरासरी लवकर घटते. एकदिश बाजूस ऊर्जास्रोत असल्यास ९०° च्या पुढे ऊर्जा पुरवठ्याकडे परत जाऊ शकते.

मर्यादा

फायरिंग कोन वाढवल्यास पुरवठ्याकडून घेतलेला प्रवाह दाबाच्या मागे पडतो. भारप्रवाह स्थिर असताना पूर्णनियंत्रित सेतूचा शक्तिगुणक ०.९ गुणिले कोनाचा कोसाइन इतका असतो. ६०° ला तो ०.४५ वर येतो. शिवाय पुरवठ्यात संनादी प्रवाह शिरतात.

उपयोग

एकदिश मोटारींचे वेगनियंत्रण आणि बॅटरी प्रभारण यांसाठी हे परिपथ वापरतात. वर्धा व सेवाग्राम स्थानकांवरून जाणाऱ्या लोहमार्गांवर २५ किलोव्होल्टचा एककला पुरवठा आहे. तेथे परिचित असलेल्या डब्ल्यूएजी-७ सारख्या इंजिनांत रोहित्राचे टॅप बदलून दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात व नंतर डायोडने एकदिश करतात. भारतीय रेल्वेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या डब्ल्यूएजी-६ए इंजिनांत हेच काम थायरिस्टरने, टप्प्यांविना केले जाई. शेजारच्या चंद्रपूरहून पडघ्याला जाणाऱ्या ७५२ किलोमीटर लांबीच्या, १,५०० मेगावॉट क्षमतेच्या उच्चदाब एकदिश वाहिनीतही फायरिंग कोनाचेच तत्त्व वापरले आहे. मात्र तेथील परिपथ त्रिकला आहेत.