सर्व्हर बिघडला तर: आधी नोंद वाचा, मग पेचकस उचला

एकाच वेळी अनेकांना सेवा देणारा, रात्रंदिवस चालणारा संगणक म्हणजे सर्व्हर. शाळा, दवाखाना, पतसंस्था यांचा सगळा हिशेब त्यात असतो. किनवटसारख्या गावात उन्हाळ्याची गरमी, धूळ आणि येणारी-जाणारी लाईट हे त्याचे तीन दुश्मन.

निदान: सर्व्हरच्या बोर्डवर बीएमसी नावाची वेगळी चिप असते. सर्व्हर बंद असला, तरी प्लग जोडलेला असेल तर ती जागीच असते. तापमान, पंखे, व्होल्टेज यांची नोंद तिच्याकडे मिळते.

मेमरी: ईसीसी रॅम एका बिटची चूक स्वतः सुधारते. त्याच पट्टीच्या चुका वारंवार दिसल्या तर वीज काढून ती दुसऱ्या खाचेत लावा. चूक पट्टीसोबत गेली तर पट्टी खराब; जुन्याच जागी राहिली तर खाच, बोर्ड किंवा प्रोसेसर तपासा.

डिस्क: स्मार्ट अहवालात खराब सेक्टर वाढत असतील तर डिस्क बदला. रेड १ किंवा ५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालते, पण चुकून पुसलेली फाईल परत येत नाही. बॅकअप वेगळाच हवा.

फर्मवेअर: चिपमध्ये साठवलेले, हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर. उत्पादकाकडूनच, नेमक्या मॉडेलचे घ्या. आधी बॅकअप, मग यूपीएस. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

पुण्याच्या सी-डॅकने ‘रुद्र’ हा देशी सर्व्हर बनवला. त्यावरचे तीन ‘परम रुद्र’ महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी देशाला अर्पण झाले. यंत्र तेवढे मोठे असो की आपल्या शाळेतले, कायदा एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.