पखवाजाची कणीक

आमच्या भजनी मंडळाची सुरुवात कधीची, एवढं विचारलं की पारावर भांडण लागायचं. आजोबा म्हणायचे, तानसाचं पाणी मुंबईला गेलं तेव्हा त्यांचा आजा टाळ घेऊन उभा होता. तानसा धरण १८९२चं. खालच्या आळीतले तात्या लगेच हात झटकत. "टाळ असतील. पखवाज कुठं होता? म्हशाच्या जत्रेत आमचा खोंड विकला, त्या पैशात पखवाज आला." पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा मुरबाडकडची, गुरांच्या बाजाराची. शहापूर तालुक्यातला आमचा खोंड तिथवर चालत गेला, यावर दोघांचं एकमत. साल कुणालाच सांगता येत नसे. खोंड तांबडा होता, हे मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक.

त्या पखवाजाला कणीक लागायची. डाव्या पुडीवर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय तो घुमत नाही. आणि आमचा मुलूख भाताचा. घरात भाकरी तांदळाची, गहू दिसायचा तो सणावारी. एकादशीच्या दुपारी आजोबा मला बाजारात पिटाळत, पावशेर कणीक आणायला. ती ते स्वतः मळत, आईला हात लावू देत नसत. अंगठ्याने कडा दाबायच्या, थाप मारायची, कान खाली न्यायचा, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. भजन उरकलं की ती खरवडून गाईला. एकदा मी चोरून तिची चानकी भाजली. तोंडात चामड्याचा वास दोन दिवस राहिला.

आषाढीला पंढरपूर गाठणारे आमच्याकडे थोडेच. आषाढात माणूस गुडघाभर चिखलात, आवणीला. त्यामुळे आमची वारी कार्तिक वद्यातली, आळंदीची. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली ती याच पंधरवड्यात, त्रयोदशीला. तोवर आमची कापणी उरकलेली असते. उरलेली झोडणी पोरांच्या गळ्यात मारून म्हातारे टोकावड्यावरून माळशेज चढत. ओतूरला मुक्काम, कारण तिथे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. घाटात कुणी गात नसे. दम पुरला पाहिजे ना!

चाली मात्र आल्या मुंबईहून. मुरबाडला आजही रेल्वे नाही. आम्हाला मुंबई गाठायला आसनगाव स्टेशन. यावरून आजोबा मुरबाडच्या पाहुण्यांना फार चिडवत. ते स्वतः परळला गिरणीत होते. गाववाल्यांच्या एका खोलीत वीसजण पाळीपाळीने झोपत आणि सुट्टीच्या रात्री सगळे मिळून भजनाला बसत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. काही महिने वाट पाहून आजोबा परतले, एका हातात पत्र्याची ट्रंक, डोक्यावर खोलीतली भजनाची पेटी. त्या वर्षी देवळात माणसं मावेनात. असा भरगच्च आवाज पुन्हा लागला नाही, असं तात्या सांगत. सांगताना खाली बघत.

पेटीने मात्र घात केला. पेटी वरच्या आळीत, पखवाज खालच्या. भजन कुणाच्या सुराने सुरू करायचं, यावर मंडळ फुटलं. दोन वर्षं एकीकडे ठेक्याविना सूर, दुसरीकडे सुराविना ठेका. दोन्ही ऐकवत नसत.

मग चैत्रातला सप्ताह आला, वरच्या आळीचा. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. दोन दोन तासांचे पहारे लागतात. तिसऱ्या रात्री दोनच्या पहाऱ्याचा माणूस आलाच नाही. आजोबा मध्यरात्रीपासून उभे. मी मंडपात घोंगडीत पडून बघत होतो. त्यांची मान कलायची, तार थांबायची, पुन्हा वाजायची. रस्त्यावर खालच्या आळीची माणसं हंडे मांडून बसली होती. तानसा आमच्या तालुक्यात, भातसाही आमच्या तालुक्यात, आणि चैत्रात आम्ही टँकरची वाट बघणार. तार तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तात्या उठले. हंड्यातल्या तळाच्या पाण्याने पाय धुतले आणि समोर येऊन उभे राहिले. वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, रीतच आहे ती. दोघांनाही वाकावं लागलं. बोललं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पखवाज वरच्या देवळात आला. तात्यांनी मांडी ठोकली, पुडीवर बोट वाजवलं आणि ओरडले, "कणीक कुठाय रे?"

मी बाजाराकडे पळत सुटलो.