सेव्हन-झिप

सेव्हन-झिप : संगणकावरील फाइली दाबून लहान करणे, अनेक फाइलींची एकच आर्काइव्ह बांधणे आणि ती पुन्हा उलगडणे यांसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर. रशियन प्रोग्रामर इगोर पावलोव्ह यांनी ते १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. विनझिप, विनरार या सशुल्क प्रोग्रामना आणि विंडोजमधील अंगभूत झिप सोयीला पर्याय म्हणून ते जगभर वापरले जाते.

पार्श्वभूमी : झिप हे स्वरूप फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये पीकेझिप या प्रोग्रामबरोबर आणले. त्याचा तपशील खुला ठेवल्यामुळे ते झपाट्याने पसरले. १९९१ मध्ये आलेल्या विनझिपने ते विंडोज वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पाडले. येव्हगेनी रोशाल यांचे रार स्वरूप सहसा फाइली झिपपेक्षा अधिक लहान करी. मात्र रार आर्काइव्ह बनवण्याची पद्धत मालकी हक्काची राहिली. विनझिप आणि रारसाठीचा विनरार हे दोन्ही प्रोग्राम चाचणीच्या मुदतीपुरते विनामूल्य होते, पुढे परवाना विकत घ्यावा लागे. सेव्हन-झिपने त्याच दर्जाचे काम विनामूल्य आणि खुल्या पद्धतीने करून दाखवले.

कार्यपद्धती : सेव्हन-झिपचे स्वतःचे स्वरूप ‘सेव्हन-झेड’ हे होय. त्यातील मुख्य पद्धत ‘एलझेडएमए’. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर ती आधारलेली आहे : आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर तो न लिहिता मागे किती अंतरावर आणि किती लांबीचा आहे एवढेच नोंदवायचे. एलझेडएमए हा शोध खूप मागेपर्यंत घेऊ शकते, म्हणून पुनरावृत्ती अधिक सापडते. अनेक फाइली सलग एकच प्रवाह मानून दाबण्याचीही सोय आहे; एकसारख्या दस्तऐवजांच्या मोठ्या संग्रहात तिचा विशेष फायदा होतो. जेपेग छायाचित्रे, एमपी-३ ध्वनिफाइली मुळातच दाबलेल्या असल्याने त्यांचा आकार फारसा घटत नाही.

गोपनीयतेसाठी एईएस-२५६ एन्क्रिप्शन वापरतात. सेव्हन-झेड आर्काइव्हमध्ये फाइलींची नावेही लपवता येतात. पासवर्डपासून किल्ली तयार करताना एसएचए-२५६ ही क्रिया ५,२४,२८८ वेळा केली जाते, त्यामुळे अंदाजाने पासवर्ड शोधणे अतिशय संथ होते.

स्वरूपे व भाषा : सेव्हन-झेड, झिप, टार, जीझिप, एक्सझेड इ. स्वरूपांत आर्काइव्ह बनवता येते. रार, आयएसओ, कॅब आदी अनेक स्वरूपे केवळ उलगडता येतात. सेव्हन-झेडमध्ये फाइलींची नावे यूनिकोडमध्ये साठवली जातात, म्हणून देवनागरी नावे जशीच्या तशी राहतात. झिपच्या मूळ रचनेत ही सोय नव्हती. ती २००६ मध्ये जोडली गेली. सेव्हन-झिपचे मेनू मराठीतही उपलब्ध आहेत.

परवाना : बहुतांश भाग ग्नू एलजीपीएल परवान्याखाली आहे. घर, शाळा, कार्यालय किंवा कंपनी, कोठेही सेव्हन-झिप विनाशुल्क व विनानोंदणी वापरता येते. रार उलगडणाऱ्या भागावर मात्र अट आहे : त्या कोडवरून रारची संक्षेपण पद्धत पुन्हा तयार करता येत नाही. एलझेडएमएचा विकास-संच २००८ मध्ये सार्वजनिक मालकीत देण्यात आला.

मर्यादा : रारमध्ये बिघडलेली आर्काइव्ह दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती साठवता येते, तशी सोय सेव्हन-झेडमध्ये नाही. लिनक्समधील फाइलींचे मालक व गट यांची नोंद ते ठेवत नाही. तेथे आधी टार वापरावे लागते. नवी आवृत्ती आपोआप बसत नाही. आर्काइव्हच्या आत आर्काइव्ह असल्यास इंटरनेटवरून आलेल्या फाइलींवर विंडोज लावते ती सुरक्षाखूण आतल्या फाइलींपर्यंत न पोहोचण्याचा दोष २४.०९ या आवृत्तीत दूर झाला. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी ती बदलणे आवश्यक आहे.

आजचे स्थान : २०२३ पासून विंडोज ११ सेव्हन-झेड आणि रार आर्काइव्ह स्वतः उघडू लागले, तेव्हा साध्या उलगडण्यासाठी वेगळ्या प्रोग्रामची गरज घटली. पण आर्काइव्हची सुरक्षितता, पद्धत व आकार यांवर पूर्ण ताबा हवा असेल, तर सेव्हन-झिप अजूनही सरस ठरते. त्याचा स्रोत-कोड सर्वांसाठी खुला असल्यामुळे त्यात बांधलेला संग्रह पुढे कोणत्याही कंपनीच्या परवान्यावाचून उघडता येईल. दीर्घकाळ जपायच्या दस्तऐवजांसाठी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण होय.