पन्नास पौंडांचा कॅमेरा

कॅमेरा कोणता घ्यावा, ही चर्चा हल्ली चुडाव्यासारख्या गावातही ऐकू येते. लग्नसराईच्या छायाचित्रणावर पोट भरू पाहणारी तरुण मुले ती करतात आणि तीत कर्जाचा विषय हमखास निघतो. मराठी चित्रपटाच्या इतिहासात हा हिशेब अगदी मुळापासून आहे. ध्येयवेडाच्या गौरवात तो झाकला गेला, असे आम्हांस वाटते.

दादासाहेब फाळके यांनी १२,००० रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून १०,००० रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पुढे त्यांच्या आणि सेसिल हेपवर्थ यांच्या सल्ल्याने फाळके यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला. किंमत ५० पौंड, म्हणजे तेव्हाच्या १५ रुपयांच्या दराने ७५० रुपये. कर्जाचा तेरावा हिस्सादेखील कॅमेऱ्यावर गेला नाही!

खर्च आणि कष्ट खरे पुढेच होते. कोडॅकची कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई. एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडा धरून आठ छिद्रे. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा. तेवढ्याच लांबीला पावणेपाच लाखांच्या घरात छिद्रे होतात. रात्री घरातल्या अंधारात हे काम सरस्वतीबाई करीत. त्यांचे दागिनेही याच चित्रपटापायी गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये तो लागला, तेव्हा पडद्यावर एकही स्त्री नव्हती. पडद्यामागे मात्र होती.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी निराळा मार्ग धरला. परवडत नाही तर घडवायचा. आते-मामेभावांच्या नात्यातील आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या, सुतार-लोहारकाम हाडात भिनलेल्या माणसांना कॅमेऱ्याची पेटी आणि फिल्म चौकटीगणिक थांबवत पुढे ओढणारी दातेरी चाके अनोळखी नव्हती. भिंग ही वेगळी गोष्ट. तेच चित्राची धार आणि प्रकाश ठरवते. आजही अंधाऱ्या मांडवात कॅमेऱ्यासोबत आलेल्या ५.६ छिद्रमानाच्या भिंगापेक्षा १.८ चे स्वस्त पन्नास मिलिमीटर भिंग नऊपटींहून अधिक प्रकाश घेते. पेटी जुनी असली तरी चालते. नव्या पेटीसाठी कर्ज काढणाऱ्यांना हे कोण सांगणार?

त्या घरगुती कॅमेऱ्यातून १९२० साली 'सैरंध्री' आला. १९२५ साली पेंटरांनीच 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत गेलेला त्यातील शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगवला होता.